दीड वर्षाच्या मुलाला जांघेत हर्निया – दुर्बिणीतून करावं का?

साखळीची आई:
मुलगा रडला की उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते, निजला की जाते. एक डॉक्टर चिरा देऊन करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून. सासूबाईंचं म्हणणं, चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, तोवर पट्टा बांधू, आपोआप बसेल. एवढ्याशा पोटात जाळी बसवतात का? भुलीचीच जास्त भीती वाटते.

फोंड्याचा बाबा:
ताई, आमच्या मुलीचं दुर्बिणीतूनच झालं. डावीकडे हर्निया होता. बेंबीतून कॅमेरा घातल्यावर उजवीकडची वाटही उघडी दिसली. दोन्ही एकाच भुलीत शिवल्या. संध्याकाळी घरी येऊन तिनं पेज मागितली. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) चालतं का, ते मात्र आधीच विचारा.

ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर, म्हापसा:
बाय, पट्टा आधी सोड. त्यानं काही बसत नाही. लहानपणी बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप मिटतो, जांघेतला मिटत नाही. पोटातून अंडकोशाकडे जाणारी पिशवी मिटायची राहून गेलेली असते. तिचं तोंड बांधलं की काम झालं. मोठ्या माणसांसारखी जाळी मुलांना लागत नाही.

दुर्बिणीचा फायदा म्हणजे दुसरी बाजूही दिसते. पण त्या तोंडाला चिकटूनच वीर्यवाहिनी आणि अंडाच्या रक्तवाहिन्या असतात, टाका त्यांना चुकवून घ्यावा लागतो. म्हणून दुर्बीण की चिरा यापेक्षा डॉक्टर लहान मुलांचे सर्जन आहेत का, हे बघ. सरावाच्या हातात चिऱ्याचं ऑपरेशनही उत्तम होतं, व्रण जांघेच्या घडीत लपतो.

भुलीसाठी पोट रिकामं हवं. साधारणपणे जेवण आणि गाईचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. भूलतज्ज्ञ सांगतील तेच अखेरचं. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेही त्यांना सांग.

आणि चवथीची वाट बघू नकोस. गाठ घट्ट झाली, आत जाईना, मूल कळवळून रडतंय, उलट्या करतंय, तर तोंडात काही न देता थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठ. आतडं अडकलेलं असतं, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

साखळीची आई:
पट्टा सोडला. सध्या नाक वाहतंय, तरी तारीख घेऊ?

ओटी सिस्टर, म्हापसा:
घे. सर्दी-ताप असला तर ते काही आठवडे पुढे ढकलतील. गाठ अडकली तर मात्र सर्दी असो नसो, निघायचंच.