काटेरी सिस्ट: स्पिनिफेराइटीस की ऑपरक्युलोडिनियम?

प्रश्न: स्लाइडवर साधारण ४५ मायक्रॉनची सिस्ट आहे, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवाचं सुप्तावस्थेतलं कवच. गोल अंग, भोवती काटे, आर्किओपाइल (जीव बाहेर पडतो ते भोक) मधल्या आडव्या कमरपट्ट्याच्या वर, एकाच पट्टिकेएवढं (पट्टिका म्हणजे जीवाच्या आवरणाचा एक तुकडा). दोन दिवस बघतेय, स्पिनिफेराइटीस की ऑपरक्युलोडिनियम, प्रजाती (जीनस) ठरत नाही.

उत्तर: आर्किओपाइलवरून सुटणार नाही, दोन्हींत ते तिथेच असतं. काटे कुठून उगवतात ते बघा. स्पिनिफेराइटीसमध्ये ते पट्टिकांच्या शिवणीवर येतात. तीन शिवणी मिळतात तिथल्या काट्याला तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्याचं टोक पुन्हा दुभंगलेलं. ऑपरक्युलोडिनियमचे काटे अंगभर विखुरलेले, फाटे नसलेले.

दुसरं उत्तर: फोकस अगदी हळू खाली न्या. मी पूर्वी नुसती कड बघून नाव द्यायचो, मग अख्खी मोजणी पुन्हा करावी लागली. या काटेरी गोळ्यांना आधी हिस्ट्रिकोस्फिअर म्हणत. त्यातले बरेचसे डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत हे पुराजीवशास्त्रज्ञ इव्हिट यांनी १९६१ मध्ये दाखवलं, तेही आर्किओपाइल आणि काट्यांची मांडणी बारकाईने पाहूनच.

प्रश्नकर्ती: दिसलं! काट्याच्या बुडापासून शेजारच्या बुडापर्यंत बारीक कणा जातोय, टोकंही दुभंगलेली. स्पिनिफेराइटीसच. जातीसाठी (स्पीशीज) उद्या काट्यांची लांबी मोजते.