कोडिंग शिकताना तुमच्या घरी काय काय झालं? विदर्भाच्या खेड्यातल्या बायांनो, सांगा बरं

तिफण

काल तूर भरायची म्हणून पत्र्याची कोठी सरकवली, तर मागे माझी २०१८ ची वही सापडली. दोनशे पानी. वर पोराच्या नावाचं लेबल, आत सगळं पायथन (संगणकाला काम सांगायची भाषा), तेही पेनानं लिहिलेलं. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात तेव्हा लाइटचा भरवसा नव्हता, फोन निम्मा वेळ बंद. म्हणून दुपारी वहीत कोड लिहायचे आणि रात्री फोनवर चालवून पाहायचे. ओळीसमोर पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवायचे, उत्तर काय येईल ते. चुकलं की लाल गोल. पहिली चाळीस पानं लाल गोलांनी भरली आहेत. वही मांडीवर घेऊन तिथंच बसले आणि रडू आलं. तूर तशीच पसरलेली.

माझं शिक्षण बी.ए., इतिहास. संगणकाशी संबंध म्हणजे लग्नाआधीचं एमएस-सीआयटी, तेही नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लागते म्हणून केलेलं.

एका पानावर रांगोळी आहे. ७ ते ४ ठिपक्यांची, आपण दिवाळीला काढतो तीच. ४, ५, ६, ७, मग ६, ५, ४, एकूण ३७ ठिपके. ती मला फोनवर ताऱ्यांनी काढायची होती. चढताना रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठवर मोजायचं ते सांगणाऱ्या शब्दात, ४, ७ लिहिलं, उतरताना ६, ५, ४ हे आकडे सरळ मांडले. चालवलं, चित्र आलं, मी खूश. सासूबाई भाकरी थापून उठल्या होत्या, हात पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मधली ओळ कुठी गेली वं? ह्यात सातची ओळच नाही." मोजलं तर ३० च तारे. पायथनची रेंज शेवटचा आकडा घेतच नाही हे मला त्या रात्री कळलं. ७ च्या जागी ८ लिहिलं आणि ३७ आले. सासूबाईंना सही करता येत नव्हती. माझी पहिली चूक त्यांनी शोधून दिली. आता त्या नाहीत.

आज मी नागपूरच्या एका कंपनीचं डेटाचं काम घरून करते. पण मला नोकरीचं नाही ऐकायचं. फोन कोणाचा होता, वेळ कोणता होता, घरातलं कोण काय म्हणालं, ते सांगा.

पऱ्हाटी

फोन नवऱ्याचा. रात्री साडेदहा ते बारा माझा. त्याला पहाटे ओलिताला जायचं असे तेव्हा तेही नाही.

तीन दिवस मी एका ओळीवर अडकली होती. फॉरची (तेच काम परत परत करायला लावणारी) ओळ लिहायची, खाली प्रिंट, अन् दरवेळी "इनव्हॅलिड सिंटॅक्स". सिंटॅक्स म्हणजे लिहायची रीत, हेच माहीत नव्हतं, मले वाटे फोनच बिघडला. चौथ्या दिवशी व्हिडिओ थांबवून त्याचं अन् माझं एकेक अक्षर जुळवून पाह्यलं, तर ओळीच्या शेवटची दोन टिंबं नव्हती. फक्त दोन टिंबं. आता ३.१० या आवृत्तीपासून पायथन सरळ सांगते की इथं कोलन पाहिजे होतं. नव्या पोरींचे तीन दिवस वाचले याचा मले खरंच आनंद होते.

सासूबाईंचं वाचून डोळे भरले ताई.

सेलूची_सून

ताई मी कालच सुरू केलं, फोनवर पायड्रॉइड (पायथन चालवायचं ॲप) टाकून. आमच्याकडे कापसाच्या फरदडीची वेचणी चालू आहे, बायांच्या मजुरीचा हिशोब करायचा होता. सकाळचे किलो विचारले १२, दुपारचे ८. बेरीज १२८ दाखवून राहिला. काय चुकलं? वावरात आहे, संध्याकाळी पाहते

रोवणी_साकोली

१२८ किलो वेचणारी बाई असली तर तिले आमच्याकडे पाठवा, आम्ही धानवाले पण कापूस लावतो मग 😀

माझं सांगते. तालुक्याला क्लास होता, परतीची शेवटची एसटी पाच वाजता अन् बॅच साडेचारची. वेळ बदलून द्या म्हणून विचारायला गेली तर क्लासवाले सर म्हणाले, डी.एड. झालेल्या बायकांनी टायपिंग शिकावं, हे डोक्याचं काम आहे. मी काही बोलली नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकवून आली. सगळी बांधी पाण्यानं भरलेली, रोवणीचे दिवस, बाया ओळीनं वाकलेल्या. अजूनही रोवणीची गाणी ऐकू आली की ते वाक्य आठवते.

मग मामेभावानं आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दाखवले. मराठीतून आहेत! त्यानं पेनड्राइव्हवर भरून दिले, नेटची गरज नाही. बाई मराठीत सांगते, आपण थांबवायचं, करून पाहायचं, परत चालू. कोणी हसत नाही. माझा सारा पाया तिथंच झाला. ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी तिथूनच सुरू करा, हात जोडून सांगते.

मास्तरीण_मूल

@सेलूची_सून, बाळा तुझं चुकलं नाही, फक्त एक गोष्ट राहिली. इनपुटनं जे येते ते पायथनसाठी आकडा नसते, अक्षरं असतात. १२ ची पाटी अन् ८ ची पाटी बाजूबाजूला ठेवली की १२८ च दिसणार. त्याला सांगावं लागते की हे आकडे समज. पूर्ण इनपुट कंसात घे अन् कंसाआधी इंट (पूर्ण आकडा) लिही. दोन्ही ठिकाणी. अर्धा किलोचा हिशोब असला तर इंटच्या जागी फ्लोट (दशांशाचा आकडा).

पऱ्हाटी

@तिफण ताई कोठीत तुरीला काय टाकता? आमच्या तुरीला मागल्या वर्षी लई किडे झाले

तिफण

@पऱ्हाटी कडुनिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला. थर-थर देऊन. पण आधी तूर कडक उन्हात दोन-तीन दिवस घाला, ओल राहिली तर पाल्यानं काही होत नाही.

मेळघाटची_मैना

आमच्या घरी कोरकू बोलतात. मराठी शाळेत शिकली, हिंदी धारणीच्या बाजारात अन् इंग्रजी पायथनसोबत 🙂 मोबाइलची रेंज घरात नसे. टेकडीवर महादेवाच्या ओट्यापाशी दोन कांड्या यायच्या. शेळ्या घेऊन जायची अन् व्हिडिओ उतरवून आणायची. घरच्यांना वाटे पोरगी शेळ्यांची फार काळजी घेते.

एक विचारायचं आहे. "धारणी" तीन अक्षरं ना? पायथनचं लेन (लांबी मोजणारं) लावलं तर ५ सांगते. मी पोरांसाठी शब्दांचा खेळ बनवून राहिली, सगळं गणित बिघडलं.

मास्तरीण_मूल

काना अन् वेलांटी वेगवेगळी मोजली जाते मैना. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, त्यांना स्वतःचा नंबर आहे. ध, काना, र, ण, वेलांटी, झाले ५. "विदर्भ" करून पाहा, ६ येतील, कारण रफार म्हणजे र अधिक हलन्त. खेळासाठी काना-मात्रा-वेलांटी अन् हलन्त वगळून मोजावं लागेल, जोडाक्षराला अजून एक अट लागेल. रविवारी निवांत लिहून पाठवते. खेळ झाला की माझ्या चौथीच्या वर्गाला पाहिजे!

सावली

मी सोडलं. हेही इथं असावं म्हणून लिहिते.

एचटीएमएल (वेबपान बनवायची भाषा) झालं होतं, गावातल्या बचत गटाच्या पापडांचं एक पान बनवलं होतं, फोटो, भाव, सगळं. मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं त्यांचं अंथरुण. लॅपटॉप जूनमध्ये विकला, बियाणं घ्यायचं होतं. विकायच्या आदल्या रात्री ते पान उघडून कितीतरी वेळ पाहत बसली. कोणाचा राग नाही. पण कोणी "मनात असलं की होते" म्हटलं की मला उठून जावंसं वाटते.

तिफण

सावली, मला कुठं राहता ते मेसेजमध्ये सांगता का? तुमचं जमलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या सासूबाई धडधाकट होत्या म्हणून माझी दुपार माझी होती. एवढाच फरक आहे.

रोवणी_साकोली

सावली ताई 🙏 पापड कोणते होते? मुगाचे?

सावली

मुगाचे अन् ज्वारीचे बिबडे. ते पान फोनच्या फोटोत आहे अजून.

आबाजींची_नात

मूळची दर्यापूरची, आता पुण्यात. आमच्या आबाजींचं म्हणणं होतं, मशीनचं काम पोट्ट्यांचं. मी त्यांना सांगितलं, आबाजी, १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचा खोलीएवढा संगणक लोकांपुढं आला, त्याला काम समजावून देणाऱ्या सहा बायाच होत्या. हातानं तारा जोडून अन् बटणं फिरवून. तेव्हा हिशोब करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणत, अन् त्यात बाया भरपूर. आबाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग विचारलं, "त्या साहीजणी कामावर गेल्यावर घर कोन पाहे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचं पाणी भरणं आबाजींनी स्वतःकडं घेतलं. ७४ वर्षांचे होते. मला सकाळचा एक तास मिळाला तो असा.

पऱ्हाटी

आबाजींना दंडवत. आमच्या घरी असा एक पाहिजे होता

सेलूची_सून

आत्ता आली वावरातून. मास्तरीण ताई इंट लावलं, २० आलं!!! नवऱ्याला दाखवलं, तो म्हणे परत चालव. तीनदा चालवलं, तीनही वेळा बरोबर. उद्याचा हिशोब वहीसोबत यात पण करू म्हणाला.

पण बाया पाच आहेत. सगळ्यांसाठी हेच पाच वेळा लिहावं लागते का?

तिफण

नाही लिहावं लागत. वहीच्या अकराव्या पानावर आहे, लिस्ट (यादी) अन् फॉर लूप. पोळ्या व्हायच्या आहेत अजून, नऊनंतर पानाचा फोटो टाकते. तोवर पाचही जणींची नावं अन् किलो एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेव.