मदत हवी आहे: पॅलिओ बारा दिवसांत बारगळलं, पाकिटं मात्र बंदच करायची आहेत

नमस्कार मंडळी,

वय ४१, डोंबिवली, रोज ८.१२ ची फास्ट. मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी खाणं सुधारा, तीन महिन्यांनी परत बघू. इथवर ठीक होतं. मग जिममधल्या ट्रेनरला रिपोर्ट दाखवायची अवदसा आठवली. त्याने पॅलिओचा तक्ताच हातात ठेवला. धान्य बंद, डाळी-कडधान्यं बंद, दूधदुभतं बंद, साखर तर बंदच. आदिमानव खायचा ते खायचं.

आदिमानव मटण खायचा. आमच्याकडे अंड्यापलीकडे काही शिजत नाही, आणि तेही फक्त माझ्यापुरतं, वेगळ्या पातेल्यात. ट्रेनरला दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन हवं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे दहा अंडी! माझं तिसऱ्यालाच तोंड फिरायचं. उरलेलं बदामावर भागवलं, तर महिन्याचा डबा आठ दिवसांत तळाला.

त्यात एकादशी आली. साबुदाणा, वरई, दाण्याचं कूट, दही हे उपवासाला चालतं, पॅलिओला नाही. (शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, हे मला त्या दिवशी कळलं.) कांदा, लसूण, अंडं पॅलिओला चालतं, उपवासाला नाही. दोघांनाही चालेल असं घरात काय आहे म्हणून शोधलं, तर रताळं आणि काकडी. दिवसभर रताळं खाल्लं.

बाराव्या दिवशी रात्री साडेनऊला, ओट्याशी उभ्याउभ्या, लेकाचा क्रीम बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. पॅलिओ तिथेच संपलं.

पण तो रिकामा पुडा टाकायच्या आधी सहज उलटून वाचला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. मग कपाटच उपसलं. मी इतकी वर्षं शहाणपणाने आणत असलेल्या ‘मल्टिग्रेन’ ब्रेडमध्येही पहिला मैदाच, बाकी सगळी धान्यं मिळून चार टक्के, आणि तो छान तपकिरी रंग कॅरॅमलचा. सूपच्या पाकिटात टोमॅटोच्या आधी साखर. सासूबाई म्हणाल्या, “मग हे आणत कोण होतं?” मीच.

तर आता भाकरी, वरण, ताक परत आणि पाकिटं बाहेर, एवढं पक्कं. अडतंय ते पुढे.

सगळ्यात मोठी पंचाईत भाकरीची. सासूबाई रत्नागिरीच्या, त्यांचा हात तांदळाच्या भाकरीचा. माझी ज्वारीची थापतानाच कडेला चिरते आणि उचलून तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. जी जमते ती दुपारी डब्यात वातड. दळण महिन्याचं एकदमच आणते. दुसरं म्हणजे साडेपाचचा चहा, त्याच्यासोबत काय? साखरेऐवजी गूळ घातला तर तो हिशेबात धरायचा का, यावर घरात दोन तट आहेत. आणि पोहे, रवा, पापड ही पण ‘प्रक्रिया’च ना? की तिथे सूट? लेक ११ वर्षांचा आहे, त्याच्या छोट्या सुट्टीच्या डब्याचंही सुचवा. कृपया ‘मनावर ताबा ठेवा’ सांगू नका, तो ट्रेनरने सांगून झालाय.

लोखंडी तवा:
ताई, तुमच्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय, हाताचा दोष नाही. महिन्याचं दळण ज्वारीला चालत नाही. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. सध्या आहे ते पीठ संपवायचं तर उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग हाताला सोसेल तसं रगडून मळा. एका भाकरीपुरतंच मळायचं, गोळे करून ठेवायचे नाहीत. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात लगेच फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली नाही तर भेगा पडणारच.
चहाचं म्हणाल तर माझं माहेर सोलापूरकडचं, आम्ही कडक भाकरी करतो. पातळ थापून, भाजून, पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेली. डब्यात कितीतरी दिवस राहते. चुरून त्यावर शेंगाचटणी. ऑफिसात वास सुटेल, एवढी तयारी ठेवा.

शंकेखोर:
प्रक्रियेला सरसकट घाबरू नका. दळणं, कुटणं, भाजणं, वाळवणं, विरजणं हे स्वयंपाकघरात पूर्वापार चालत आलंय. ब्राझीलमध्ये कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने अन्नाची चार गटांत वर्गवारी केलीय, ‘नोव्हा’ नावाची. त्यात तुमची ज्वारी, डाळ, दूध, साधं दही पहिल्या गटात, म्हणजे फारशी प्रक्रिया न झालेल्यांत. बिस्किटं आणि पाकिटातलं सूप चौथ्यात, म्हणजे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेल्यांत. पोहे खा, पण बेताने, दाणे आणि मटार सढळ हाताने. रवा मात्र कोंडा काढलेला असतो, तुमच्या रिपोर्टला तो रोज नको. पापडात मीठ आणि पापडखार आहे, तो तोंडी लावण्यापुरताच.
गूळ हिशेबात धराच. तोही बहुतांशी सुक्रोजच, रक्तात गेल्यावर साखरच. त्या तटाला वाईट वाटेल, इलाज नाही.
आणि दूधदही सोडू नका. शाकाहारी माणसाला बी१२ जीवनसत्त्व मुख्यतः तिथूनच मिळतं. तुमचं तपासलंय का?

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. बी१२ तपासलं नव्हतं, आता पुढच्या वेळी रक्त देताना सांगते.
काल उकळत्या पाण्याची करून पाहिली. पहिल्या दोन गेल्या. तिसरी चक्क फुगली, सासूबाईंनी गॅसजवळ येऊन पाहिली आणि तिच्यावर लोणी घालून ती स्वतःच खाल्ली. नवं दळण रविवारी, फक्त दोन किलो.
गुळाच्या बाजूने मीच होते. चहा आता बिनसाखरेचा, दोन दिवस झाले, तोंड वाकडं होतंय.
लेकाच्या डब्याचं मात्र कोणीच सांगितलं नाही. राजगिऱ्याचा लाडू दिला तर तो परत आला, अर्धा चावलेला. शेजारच्या मुलाच्या डब्यात वेफर असतात, त्यापुढे टिकेल असं काही आहे का कोणाकडे?