मदत हवी आहे: आधी लाल दिवा लागणारा हेडलॅम्प कोणता?

सीपीएलसाठी (कमर्शियल पायलट लायसन्स) लागणारं 5 तासांचं नाइट फ्लाइंग पुढच्या महिन्यात सुरू होतंय. विमान सेसना 172, शेजारी इन्स्ट्रक्टर.

विमानाबाहेरच्या तपासणीची अडचण नाही. तिथे पांढऱ्या उजेडाचा साधा टॉर्च पुरतो, आणि तोच हवा. इंधनाचा नमुना धरला की 100 एलएलचा (विमानाच्या पेट्रोलचा) निळा रंग आणि तळाशी बसलेला पाण्याचा थेंब लाल उजेडात कळतच नाही.

अडतंय ते कॉकपिटमध्ये. आत्ताच्या हेडलॅम्पला एकच बटण आहे आणि लाल लावायच्या आधी पांढरा पूर्ण प्रखर लागतो. सरावाला अंधारात बसून पाहिलं: एका चुकीच्या दाबाने डोळे दिपले. अंधाराला सरावायला अर्धा तास जातो, फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, असं झालं तर? शिवाय पट्टा हेडसेटच्या दांडीखाली रुततो, आणि मान वळवली की उजेड थेट इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यात.

हेडलॅम्पच्या काचेवर लाल सेलोफेन लावून पाहिलं. उजेड मंद झाला, पण नकाशावरच्या लाल-गुलाबी रेषाच गायब झाल्या! मोबाइलचा टॉर्च नको, हात मोकळे हवेत.

मला चष्मा आहे. बजेट 2500 रुपये. ट्रिपल ए सेलवर चालणारा हवा, चार्जिंगवाला नको.

रात्री उडणाऱ्यांनी कृपया सांगा: लाल आणि पांढऱ्याला वेगळी बटणं असलेला कोणता मॉडेल तुम्ही स्वतः वापरताय? की हेडलॅम्प सोडून हेडसेटच्या माइकवर बसणारा छोटा दिवाच घ्यावा?