‘ॲबी रोड’: डमडमची जुनी रेकॉर्ड ठेवावी की नवी आवृत्ती घ्यावी?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची भारतीय एलपी आहे, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची, कोलकात्याच्या डमडमला प्रेस झालेली. कव्हर दमट होऊन फुगलंय, रेकॉर्डवर बुरशीचे पांढरट ठिपके आहेत, पण खोल ओरखडा कुठेच नाही. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो. जोडीला २०१९ची नवी आवृत्ती आहे. ती जास्त जोरकस वाजते, मात्र बेस आणि ड्रम जागचे हलल्यासारखे वाटतात. २०१२ची १८० ग्रॅमची प्रतही एके ठिकाणी मिळतेय.

तिन्हींची तुलना नेमकी कशी करायची? जुनी धुऊन सुधारेल, की फाटणारा आवाज कायमचाच? आणि १८० ग्रॅमसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? टर्नटेबल बेल्टवाला, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई.

सुईदोरा (चिपळूण)

कव्हर बाजूला ठेवा आणि रेकॉर्ड तिरप्या उजेडात धरा. गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिथले आकडे वाचा. पहिल्या बाजूला ‘वायईएक्स ७४९’ आणि दुसरीला ‘वायईएक्स ७५०’ असेल, तर मूळ लॅकर (खोबण कापलेली पहिली तबकडी) लंडनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत कापलेलं आहे, इथे फक्त प्रेसिंग झालं. त्यापुढच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा कितवं कटिंग ते सांगतो. १९६९च्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर ७४९-२ आणि ७५०-१ सापडतं. ब्रिटिश प्रतीत याच पट्टीवर डावीकडे ‘मदर’चा (ज्यावरून स्टँपर बनतात त्या धातूच्या तबकडीचा) आकडा आणि उजवीकडे स्टँपरची (रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याची) अक्षरं असतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी ही अक्षरं म्हणजे १ ते ९, आणि डी म्हणजे शून्य. ‘जीओ’ दिसलं तर १५वा स्टँपर. एकाच कटिंगच्या दोन प्रती वेगळ्या का वाजतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं. स्टँपर झिजत गेला की झांजांची धार बोथट होते.

कव्हर आणि लेबलवर ‘हर मॅजेस्टी’ या शेवटच्या छोट्या गाण्याचं नाव नसणं, मागच्या बाजूला ॲपल कंपनीचं सफरचंद सरकलेलं असणं, या गोष्टी सुरुवातीच्या ब्रिटिश प्रतींची किंमत वाढवतात. आवाजाशी त्यांचा काही संबंध नाही.

आता तुमच्या तीन प्रती. जुनीत १९६९चं मिक्स (वेगवेगळ्या ट्रॅकची एकत्र जुळवणी) आहे, टेपवरून थेट कापलेलं. २०१२ची प्रत त्याच मिक्सची, पण २००९च्या डिजिटल रीमास्टरवरून (त्याच मिक्सच्या नव्याने तयार केलेल्या अंतिम प्रतीवरून), २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ फाइलवरून कापलेली. २०१९ची मात्र मिक्सच नवीन आहे. निर्माते जाइल्स मार्टिन आणि इंजिनिअर सॅम ओकेल यांनी मूळ आठ ट्रॅकच्या टेपा पुन्हा उलगडून ते केलं. बेस आणि ड्रम हलल्यासारखे वाटतात, कारण ते खरोखरच हलवले आहेत. म्हणून जुनी विरुद्ध २०१२ ही प्रेसिंगची तुलना झाली, आणि जुनी विरुद्ध २०१९ ही दोन मिक्सची. दोन्ही एकाच तराजूत घातल्या की वाद संपत नाही.

आणखी एक. हा अल्बम ईएमआयच्या टीजी १२३४५ या ट्रान्झिस्टरच्या कन्सोलवर (स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलावर) झाला, बीटल्सचे आधीचे व्हॉल्व्हच्या कन्सोलवर. त्यामुळे याचा आवाज मुळातच गोल आणि मऊ आहे. तो मऊपणा डमडमच्या माथी मारू नका.

तुलना करताना सगळ्यात मोठा घोळ पातळीचा होतो. दोन प्रतींत एक डेसिबलचा फरक असला तरी मोठी वाजणारी ‘चांगली’ वाटते, आणि २०१९ची जोरकस वाटण्यात याचा वाटा नक्की असणार. व्हॉल्यूमचा नॉब कानाने जुळवून हे साधत नाही. फोनो प्रीअँपमधून (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्यातून) यूएसबी इंटरफेसला जोडा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर रेकॉर्ड करा, शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक प्रतीचा तोच २०-३० सेकंदांचा तुकडा कापा आणि ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने सगळे उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या मापावर) आणा. मग घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगून ऐका. डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर) मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा इथे धरू नका. विनाइलवरून घेतलेल्या ध्वनीत फेज सरकल्याने शिखरं उंचावतात आणि आकडा फुगतो, मग मास्टर तोच का असेना.

तुकडे कोणते? ‘कम टुगेदर’ची सुरुवात, कारण तिथे खोबण सर्वात बाहेरची आणि बेस आणि टॉम ड्रम उघडे आहेत. ‘बिकॉज’ स च्या सिसकारीसाठी. ‘दि एंड’मधला ड्रमचा तुकडा, दोन्ही बाजूंना पसरलेला. आणि पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘आय वॉन्ट यू’चा शेवट. सात मिनिटं ४७ सेकंदांचं गाणं, वर मूग सिंथेसायझरचा सोसाटा, आणि तेही लेबलला चिकटून. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत ६ सेंटिमीटर त्रिज्येला जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून तो तिथे आधी फाटतो.

तुमच्या फाटण्याचं निदान सोपं आहे. तोच शेवट २०१९च्या प्रतीवर लावा. तिथेही फाटला तर कार्ट्रिजची मांडणी चुकलीय. बेअरवाल्डचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा तक्ता) १०० टक्के मापावर छापा, छापल्यावर पट्टी लावून तपासा, आणि मध्यापासून ६६ व १२०.९ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेघांना समांतर आणा. सुईचं वजन २ ग्रॅम, १.८ ते २.२ च्या आत. नवी प्रत स्वच्छ वाजली आणि फक्त जुनी फाटली, तर खोबणीची भिंत आधीच्या कुठल्या तरी जड, झिजक्या सुईने खाल्ली आहे. ते धुऊन जाणार नाही. पण त्याच व्हीएम९५च्या बॉडीत एमएल, म्हणजे मायक्रोलिनियर सुई बसते. ती भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, आणि पुष्कळदा तिथला भाग अजून शाबूत असतो. माझ्या मते तिसरी प्रत घेण्याआधी पैसे या सुईत घालावेत.

हापूसपेटी (देवगड)

१८० ग्रॅमबद्दल: वजन म्हणजे आवाज नव्हे. जाड रेकॉर्ड थोडी सपाट राहते, एवढाच फायदा, आणि तोही नेहमी नाही. जाडीत अर्धा मिलिमीटर फरक धरला तरी २३ सेंटिमीटरच्या आर्मवर (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीवर) सुईचा कोन सव्वा दशांश अंशाच्या आसपास बदलतो. त्यासाठी आर्मची उंची वरखाली करत बसू नका.

नव्या प्रतीत तपासायचं ते मधलं भोक. अर्धा मिलिमीटर जरी मध्यापासून सरकलं असलं तरी आतल्या गाण्यात सूर ±०.८ टक्के हेलकावतो. ‘गोल्डन स्लंबर्स’चा पियानो ऐका, लगेच कळतं. आर्म प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलतानाही दिसेल. दुसरा दोष ‘नॉन-फिल’, म्हणजे प्रेसमध्ये प्लास्टिक खोबणीत पुरतं भरलंच नाही. चेन ओढल्यासारखा खर्रर्र असा आवाज येतो, बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. हे दोन्ही दोष परत करण्याजोगे आहेत, धुण्याने जाणारे नाहीत. परतीची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजू पूर्ण ऐका.

आणि ते नव्या कव्हरवरचं घट्ट प्लास्टिक आधी फाडा. आपल्याकडे दमटपणाने पुठ्ठा फुगतो, एप्रिल-मेच्या उष्म्यात प्लास्टिक आक्रसतं, आणि मध्ये अडकलेली रेकॉर्ड बशीसारखी वाकते. स्टिकर जपायचं असेल तर प्लास्टिकसकट कापून आत ठेवा.

दांडेश्वर (मालवण)

बुरशीवर कुणी बोललंच नाही. पावसात आमच्याकडे काय्येक सुका रवणा नाय, तेव्हा हे नीट वाचा.

कोरड्या ब्रशने ठिपके झाडू नका. बीजकण खोलीभर उडतात आणि शेजारच्या चांगल्या रेकॉर्डांवर बसतात. मास्क लावून पडवीत काम करा. आतलं कागदी पाकीट फेकून द्या. बुरशी विनाइलवर क्वचितच जगते, तिचं जेवण म्हणजे कागद, धूळ आणि बोटांचं तेल.

एक लिटर द्रावणासाठी ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि छायाचित्रं धुण्याचं वेटिंग एजंट दोन-तीन थेंब. भांडी घासायचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग खोबणीत राहतो. बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते घेतलंत तर बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ लिहिलेलं बघा, आणि सील फोडलेली बाटली घेऊ नका. विहिरीचं पाणी चुकूनही नको, सुकल्यावर क्षार खोबणीतच बसतात. आणि ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना हे द्रावण दाखवूसुद्धा नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

लेबलवर प्लास्टिकची गोल झाकणी दाबून धरा. द्रावण पसरून दोन मिनिटं भिजू द्या, मग मऊ, दाट केसांच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने दोन-तीन फेऱ्या. आडवं घासायचं नाही. लिंट न सोडणाऱ्या कापडाने टिपा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळा. हा टप्पा टाळला की सुईवर पांढरा लगदा जमतो आणि लोक म्हणतात, धुतल्यावर बिघडली. सुकवणं सावलीत, पंख्याखाली, उभी करून. उन्हात मुळीच नाही. जून ते सप्टेंबर सुकायला दुप्पट वेळ धरा आणि ओलसर असताना पाकिटात घालू नका.

एवढं करूनही ठिपक्यांच्या जागी टकटक राहिली, तर बुरशीने पृष्ठभाग कायमचा खराब केला असं समजा. दुसऱ्यांदा धुऊन बघा, तिसऱ्यांदा नको.

ठेवण्याचं: कौलाखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे विनाइल वाकतं. पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवूनही नको, पाच-सहा सेंटिमीटर सोडा. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. ५० टक्के उत्तम. ६५च्या वर सतत राहिलं की बुरशी येणारच. डिह्युमिडिफायर नसेल तर रबरी कडेचं झाकण असलेला प्लास्टिकचा डबा, आतून किमान ३३ सेंटिमीटर, रेकॉर्ड उभ्या, तळाला कापडी पिशवीत किलोभर सिलिका जेल. उघड्या फळीवर सिलिका ठेवणं म्हणजे समुद्र उपसणं. रंग बदलला की १२० अंशांवर दोन-अडीच तास ओव्हनमध्ये भाजा, पूर्ण गार झाल्यावरच परत ठेवा. कॅमेऱ्याच्या कपाटात लावतात तसा बल्ब इथे नको, एका बाजूने तापून रेकॉर्ड वाकते.

जुनी मऊ पीव्हीसीची बाह्य पाकिटंही काढा. त्यातलं प्लॅस्टिसायझर रेकॉर्डवर धुकट डाग उठवतं, आणि तो आवाजात ऐकू येतो. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, तोंड उघडं ठेवा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. पट्टीवर ७४९-२ स्पष्ट आहे, बाकी पुसट. २०१९च्या प्रतीवर शेवट स्वच्छ वाजतो, म्हणजे जुनीची खोबणच गेलीय. एमएल सुई मागवतो, २०१२ची सध्या राहू दे.

दोन उपप्रश्न. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’, फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’ आणि ॲबाच्या ‘अरायव्हल’बाबतीत कुठली आवृत्ती बघावी? आणि मामांनी सौदीहून आणलेला एक टर्नटेबल घरात पडून आहे, त्यावर सगळं संथ आणि जाड वाजतं. बेल्ट बदलून होईल का?

सुईदोरा (चिपळूण)

‘रूमर्स’: २०११ची दोन रेकॉर्डांची ४५ आरपीएम आवृत्ती, स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे या मास्टरिंग इंजिनिअरांची. ४५वर आतल्या खोबणीचा वेग ३५ टक्के वाढतो, फाटणं कमी होतं. उठून तीन वेळा बाजू बदलायची तयारी ठेवा.

‘थ्रिलर’: १९८२चं मूळ मास्टरिंग बर्नी ग्रंडमन यांचं, आणि जुनी स्वच्छ प्रत मिळाली तर तीच घ्यावी असं माझं मत. मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महाग वन-स्टेप (साच्यांच्या मधल्या पायऱ्या गाळून केलेल्या) आवृत्तीच्या साखळीत डिजिटल पायरी आहे हे २०२२मध्ये उघड झालं आणि बरीच बोंबाबोंब झाली. ती वाईट वाजते असं नाही, पण ‘सगळं ॲनालॉग’ म्हणून जादा पैसे देऊ नका.

‘अरायव्हल’: २०१६ची हाफ-स्पीड (अर्ध्या वेगाने कापलेली), ४५ आरपीएम आवृत्ती आहे. जुन्या प्रती स्वस्त आणि मुबलक असतात, आधी त्याच शोधा.

बीटल्सचंच पुढे घेणार असाल तर ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’च्या स्टिरिओ प्रतींत सावध. २००९चे रीमास्टर आणि २०१२च्या एलपी १९८७च्या सीडीसाठी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी केलेल्या रीमिक्सवरच्या आहेत, १९६५च्या मिक्सवरच्या नाहीत. मोनो चालत असेल तर २०१४चा मोनो संच टेपवरून ॲनालॉग कापलेला आहे. ‘ॲबी रोड’ त्यात नाही, त्याचं मोनो मिक्स कधी निघालंच नाही.

हापूसपेटी (देवगड)

मामांच्या टर्नटेबलचं: सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. एसी सिंक्रोनस मोटर असेल तर ती व्होल्टेज नव्हे, फ्रिक्वेन्सी पाळते. म्हणून ३३⅓ च्या जागी २७.८ फिरते. स्टॅबिलायझर किंवा नवा बेल्ट लावून काही होणार नाही. मोटरच्या दांड्यावरची पुली बदलावी लागेल, ५० हर्ट्झची, म्हणजे व्यासाने पाच असेल तिथे सहा. काही मॉडेलांत दोन्ही पायऱ्या आधीच असतात, प्लॅटर उचलून बघा. मागच्या पट्टीवर व्होल्टही वाचा, ११०-१२७चा असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका.

बदलल्यावर ५० हर्ट्झची स्ट्रोब तबकडी (वेग बरोबर असला की जिच्या रेघा स्थिर दिसतात) छापा, ३३⅓ साठी १८० रेघा. ती साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा निऑनखाली बघायची. एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा दिसतच नाहीत, आणि माणूस उगाच मोटरला दोष देतो.