शब्दचर्चा : निधी ‘मंजूर’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

जिल्हापान

आमच्या जिल्हा आवृत्तीत यंदा पाच नवी मुलं आलीत. सरकारी धोरणं समजून घेऊन बातमी कशी करायची, हे त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अर्थसंकल्प, कायदे, योजना असा मोठा आराखडा करून गेले होते, पण पहिल्याच तासाला सगळं एका शब्दावर अडलं.

एकाने बातमी आणली : ‘नदीवरील पुलासाठी १२ कोटी मंजूर’. दुसरीने आमचीच जुनी कात्रणं काढली. हाच पूल दोन वर्षांपूर्वी मंजूर, गेल्या पावसाळ्याआधी मंजूर, आता परत मंजूर. नदीत अजून एक खांब नाही. गंमत म्हणजे तिन्ही बातम्यांतली एकही खोटी नाही, दर वेळी काहीतरी ‘मंजूर’ झालंच होतं. मग मंजूर म्हणजे नक्की काय? आणि प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे का?

लेखाशाखा (निवृत्त)

आहे ना, आणि प्रत्येक शब्दाचा कागदही वेगळा आहे. ताई, मुलांना आधी हे शब्द द्या, अर्थशास्त्र सावकाश होईल.

मंत्र्यांनी निवेदनावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला की तिथेच अर्ध्या बातम्या ‘मंजूर’ होतात. तो नुसता शेरा. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना पटली, एवढंच. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे अमुक रकमेच्या मर्यादेत हे काम हाती घ्यायला शासनाची संमती. तिच्यात पैसा नसतो, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. ‘तांत्रिक मान्यता’ अभियंत्याची : आराखडा आणि अंदाजपत्रक जमतंय. ‘तरतूद’ अर्थसंकल्पात असते, विधिमंडळाने दिलेली खर्चाची परवानगी. ‘वितरण’ म्हणजे ती रक्कम खाली सुटली. आणि ‘खर्च’ देयक कोषागारातून पारित झाल्यावर.

तुमचा पूल बहुधा आधी तत्त्वतः, मग प्रशासकीय आणि आता तरतुदीत मंजूर झाला असावा. तरतूद किती तेही बघा. काम १२ कोटींचं आणि यंदाची तरतूद काही लाखांची, असं सर्रास असतं. कधी नाममात्र रक्कम टाकून लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं हिशेबातलं खातं, नुसतं उघडून ठेवतात. तिला ‘लाक्षणिक तरतूद’ म्हणतात. लक्षण दिसतं, पूल दिसत नाही.

जुना कोश

‘मंजूर’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘नजर’ ज्या धातूची त्याचाच. मुळात अर्थ ‘पाहिलेलं’, म्हणजे साहेबांच्या नजरेखालून गेलेलं. त्या हिशेबाने पूल तीनदा पाहिला गेला आणि तुमच्या तिन्ही बातम्या व्युत्पत्तीला धरून आहेत!

‘तरतूद’ही तिकडचाच. मूळ ‘तरद्दुद’, म्हणजे येरझाऱ्या, खटपट. तरतूद व्हावी म्हणून सरपंच मंत्रालयात किती खेटे घालतो ते पाहिलं, तर हा शब्द मुळाला जागून आहे असं म्हणायला हवं.

रात्रपाळी

व्युत्पत्ती छान, पण रात्री साडेअकराला एकस्तंभी मथळ्यात ‘प्रशासकीय मान्यता’ बसवून दाखवा. ‘मंजूर’ तीन अक्षरांत मोकळा होतो, म्हणून तो जगला.

आणि एक राहिलं. ‘पुरवणी मागण्या’, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चासाठी सरकारने वर्षाच्या मधे विधिमंडळाकडे मागितलेली मंजुरी, हा शब्द नव्या मुलांना समजावून सांगाच. आमच्याकडे एकाला वाटलं, आमदार जास्तीच्या पुरवणीची मागणी करताहेत. पेपरवाल्याच्या घरात पुरवणी म्हणजे रविवारची.

भाषांतरकार

माझी दोन लाडकी उदाहरणं. शासकीय मराठीत अखर्चित निधी ‘समर्पित’ करतात. म्हणजे वर्ष संपायच्या आत न वापरलेली रक्कम वित्त विभागाला परत करतात. एका वार्ताहराने परिपत्रक वाचून बातमी दिली : ‘आदिवासी विकासासाठी निधी समर्पित’. घडलं होतं बरोबर उलटं. पैसा वापरला न जाता परत गेला होता.

दुसरा शब्द ‘बचत’. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालात अमुक अनुदानाखाली इतकी ‘बचत’ झाली असं येतं. ते कौतुक नसतं. विधिमंडळाने दिलेले पैसे खात्याला खर्च करता आले नाहीत, असा तो शेरा असतो. घरातली बचत शहाणपणाची, कॅगची बचत बहुतेकदा नाकर्तेपणाची. ‘खात्याने वाचवले कोट्यवधी’ असा मथळा मी डोळ्यांनी पाहिलाय. कुठे ते सांगत नाही.

जिल्हापान

‘समर्पित’ वाचून मुलं हसली आणि मग गप्प झाली, कारण दोघांनी तो शब्द तसाच वापरला होता. आता दुसरा प्रश्न. ‘धोरण’ आणि ‘योजना’ आम्ही आलटून पालटून लिहितो. हिंदी बातमीवरून काम केलं की ‘नीती’ही घुसते. फरक कसा सांगायचा?

जुना कोश

हिंदीत ‘राष्ट्रीय शिक्षा नीति’ आहे म्हणून मराठीत नीती लिहायचं कारण नाही. आपल्याकडे ते २०२० चं ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’च आहे. मराठी नीती चाल-चलनाकडे झुकते, नीतिमत्तेतली. ‘नीती आयोग’ हा अपवादही नव्हे, कारण तिथली नीती म्हणजे इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

‘धोरण’ संस्कृत ‘धोरणी’शी जोडतात : न तुटणारी ओळ, परंपरा. ‘बोलण्याचं धोरण कळलं’ म्हणतो तेव्हा रोख कळला, पुढे कुठे जाणार ते कळलं. सरकारी धोरणही तसंच, दिशा सांगणारं. १९९४ चं राज्याचं महिला धोरण घ्या. त्यातून पुढे वेगवेगळे निर्णय आणि योजना निघतात.

लेखाशाखा (निवृत्त)

याला माझी पुरवणी. (रविवारची नव्हे.) खरा फरक वादाच्या वेळी कळतो. नुसतं धोरण हातात घेऊन तुम्हाला कोणावर दावा सांगता येत नाही. योजनेला शासन निर्णय असतो, ती दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता किंवा गुंडाळता येते. कायदा बदलायला सभागृहात जावं लागतं.

रोजगार हमी हे आपल्या घरचं उदाहरण. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर योजना म्हणून चालली. तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. अजूनही पगारपत्रकात कापला जातो तोच. मग १९७७ चा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमल सुरू झाला. नावात ‘योजना’ राहिली, पण काम मागणाऱ्याचं नातं बदललं. ज्याला काल काम ‘मिळत’ होतं त्याला आता ते ‘मागण्याचा हक्क’ होता. बातमीत मात्र तो शेवटपर्यंत ‘लाभार्थी’च.

भाषांतरकार

‘लाभार्थी’वर माझा राग आहेच. ज्याला कायद्याने धान्य देणं आहे त्याला लाभ कसला? देणेकऱ्याने पैसे परत केले तर आपण लाभार्थी होतो का? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यातली पात्र कुटुंबं हक्कदार आहेत.

रात्रपाळी

‘हक्कदार’ लिहिलं तर वाचक विचारेल, कसला वारसाहक्क? ‘लाभार्थी’ रुळलाय. कायद्याने बांधलेल्या ठिकाणी ‘हक्क’ आणि नुसत्या योजनेत ‘लाभ’ असा भेद पाळला तरी पुष्कळ झालं.

जुना कोश

हा भेद मराठी पत्रकारितेला नवा नाही. १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’ने सरकारच्याच दुष्काळ संहितेतली कलमं शेतकऱ्यांपुढे ठेवली. पीक बुडालं असेल तर सारा, म्हणजे जमिनीचा कर, माफ किंवा तहकूब करून मागा, ती भीक नाही, सरकारच्याच नियमात लिहिलंय, असा सूर होता. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेची माणसं गावोगाव तेच सांगत फिरली. धोरणाची बातमी म्हणजे काय, हे मुलांना दाखवायला मी तरी तिथूनच सुरुवात करीन.

कोरडवाहू

तुम्ही सगळे मंत्रालयातल्या शब्दांवर बोलताय, मी चारीवरच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावरच्या, एका शब्दावर बोलतो. ‘सिंचन क्षमता’.

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत पिकांखालच्या एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचं प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के झाल्याचं दिसलं. तेवढ्या काळात सिंचनावर ७०,००० कोटी खर्च झाल्याचं बोललं जात होतं. गहजब झाला, तो व्हायलाच हवा होता. पण कितीतरी ठिकाणी छापून आलं की ‘सिंचन क्षमता ०.१ टक्क्याने वाढली’. क्षमता नव्हे हो! तो आकडा भिजलेल्या जमिनीचा. धरण बांधलं, कालवा काढला, त्यातून इतकं रान भिजू शकतं, ही क्षमता. प्रत्यक्षात किती रान भिजलं, ते सिंचित क्षेत्र. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिंचनावर सरकारची श्वेतपत्रिका आली तेव्हाही भांडण याच दोन शब्दांच्या मधल्या जागेत चाललं होतं. ज्या बातमीदाराला फरक ठाऊक नव्हता त्याला कोणीही गुंडाळू शकत होतं, सरकारही आणि विरोधकही.

माझं शेत एका प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे. कागदावर माझी क्षमता कधीच ‘निर्माण’ झालीय. चारी फुटलेली आहे आणि टेलला, म्हणजे तिच्या शेवटच्या टोकाला, पाणी येत नाही. मी कोणत्या आकड्यात आहे, ते तुम्हीच ठरवा.

लेखाशाखा (निवृत्त)

शाबास. आणि त्या ०.१ मध्ये दुसरी गफलत आहे. १७.८ वरून १७.९ ही ०.१ ‘टक्क्याने’ वाढ नाही. मूळ आकड्याच्या मानाने ती अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त भरते. ०.१ हा दोन टक्केवारींमधला फरक आहे. त्याला ‘टक्केबिंदू’ म्हणावं असं मला वाटतं.

रात्रपाळी

‘टक्केबिंदू’ वाचकाच्या घशाखाली उतरणार नाही. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर) ६.५० चा ६.२५ झाला की आम्ही ‘पाव टक्क्याने घटला’ लिहितो आणि कर्जदाराला बरोबर कळतं. सरळ दोन्ही आकडे द्यावेत : ‘१७.८ वरून १७.९’. शब्दच नको.

लेखाशाखा (निवृत्त)

हे मान्य. तत्त्वतः नव्हे, पूर्ण.

जिल्हापान

काल पुलाची बातमी पुन्हा लिहायला लावली. त्या मुलाने उपअभियंत्यांना फोन करून एवढंच विचारलं, “साहेब, मंजूर म्हणजे कोणता कागद?” पलीकडे जरा शांतता. मग ते हसले आणि म्हणाले, प्रशासकीय मान्यता गेल्या वर्षीची आहे, यंदा तरतूद ५० लाखांची आहे, वितरण अजून नाही.

मथळा त्यानेच दिलाय : ‘१२ कोटींच्या पुलाला यंदा ५० लाख, तेही अजून कागदावर’. रात्रपाळीवाले, एकस्तंभीत बसतोय का?

रात्रपाळी

नाही बसत. दोन स्तंभ दिले.