मोम्पू सोपा नाही

स्पॅनिश संगीतकार मोम्पूचं पियानोसंगीत 'सोपं, शिकाऊ लोकांसाठीचं' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. स्वर मोजके आहेत, हे खरं. पण प्रत्येक स्वर विरत जाईपर्यंत थांबायला वादकाकडे मोठा धीर लागतो. जरा घाई केली की सगळा परिणाम जातो.

फेदेरिको मोम्पू (१८९३–१९८७) बार्सिलोनाचा. आजोळी घंटा ओतण्याचा कारखाना होता, आणि तो धातूचा नाद त्याच्या पियानोत सतत ऐकू येतो. स्वभाव इतका बुजरा की मैफली गाजवणारा पियानोवादक होण्याचा नाद सोडून तो रचनांकडे वळला.

'मूसिका कायादा' ('निःशब्द संगीत') या त्याच्या पियानो-रचनासंग्रहाच्या चार भागांत (१९५९–६७) २८ छोट्या रचना आहेत. त्या त्याने स्वतः १९७४ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, रेकॉर्ड केल्या. आधी त्याचंच रेकॉर्डिंग ऐका, मग इतर वादकांची.